जरी, तरी

सहामाहीचे पेपर तपासत होते. दहावी अ, एकेचाळीस उत्तरपत्रिका. ज्या प्रश्नाच्या डोक्यावर 'स्वमत' असं छापलेलं असतं तिथे पोचले, आणि सात-आठ पेपरांनंतर लाल पेन आपोआप चालायला लागलं. वाचायची गरजच उरली नाही. सदतीस मुलांचं मत एकच होतं. वाक्यंही तीच, त्याच क्रमाने. एका वाक्यात चुकीच्या जागी पडलेला स्वल्पविरामसुद्धा सदतीस पेपरांत इमानाने उतरलेला.

तो स्वल्पविराम माझा होता. ऑगस्टमध्ये मीच ते 'स्वमत' फळ्यावर लिहून दिलं होतं. पाऊस पडत होता, पत्र्यावर आवाज इतका की बोललेलं ऐकू जात नव्हतं. मग म्हटलं, बोलण्यापेक्षा लिहून देऊ, पोरांचे गुण तरी जाणार नाहीत. उरलेल्या चौघांपैकी दोघांनी गाईडातलं लिहिलं होतं, एकाने प्रश्न सोडला होता, आणि एकीने खरोखरच स्वतःचं काहीतरी लिहिलं होतं. तिला मी तीनपैकी दीड गुण दिला, कारण 'मुद्दे अपुरे' होते. हे सगळं लक्षात आलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि गठ्ठा सकाळी द्यायचा होता. तिचे अडीच केले. बाकीच्यांना काय करणार? माझ्याच मताला कमी गुण कसे देऊ?

वीसेक वर्षं मराठी शिकवते आहे, सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यात. दहावीच्या कृतिपत्रिकेत निबंधाला ८ गुण असतात: प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक, यांपैकी एक सोडवायचा. आमची बहुतेक मुलं आत्मकथनाकडे धावतात. फाटक्या पुस्तकाचं मनोगत, तुटक्या छत्रीची कैफियत, वठलेल्या झाडाची व्यथा. या सगळ्यांना आपल्याकडे मत असतं, तक्रार असते, समाजाला चार शब्द सुनवायची हिंमत असते. छत्रीच्या तोंडून घडाघडा बोलणारं पोरगं स्वतःच्या तोंडाने बोलायची वेळ आली की 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे' या ओट्यावर जाऊन बसतं आणि तिथून हलत नाही. मोबाईल शाप की वरदान, टीव्ही शाप की वरदान, विषय कुठलाही असो, दोन परिच्छेद शाप, दोन परिच्छेद वरदान, मग नाण्याच्या दोन बाजू, आणि शेवटी 'म्हणूनच म्हणतात ना, अति तेथे माती'. कोण म्हणतात, कधी म्हणाले, कुणाला म्हणाले, काही पत्ता नाही.

गंमत अशी की हीच मुलं वाद घालण्यात पटाईत. नववीतला एक मुलगा होता, वैचारिक निबंधात साडेतीन ओळी लिहून पेपर देणारा. एकदा मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या मैदानावर त्याचा कॅच गेला आणि तो बॅट सोडेना. मी खिडकीतून ऐकत होते. म्हणाला, बॉल आधी लिंबाला लागलाय, लिंबाला लागलेला कॅच धरायचा नाही हे ठरलेलं आहे. समोरचा म्हणाला, लागलाच नाही. तर हा पळत झाडाखाली गेला आणि एक पान उचलून आणलं. "हे बघ. हिरवं हाय. वाळकं पान आपसूक पडतं, हिरवं कशाला पडंल?" वर आणखी, "परवा तुझा कॅच असाच गेलता, तवा म्या आउट दिला का?" दावा, त्याला कारण, कारणाला पुरावा, पुराव्यामागचा नियम, शेवटी मागचा दाखला. पाच मिनिटांत सगळं. घंटा झाली, तो वर्गात आला, वही उघडली आणि पुन्हा मुका.

मग मी ठरवलं, काय करायचं ते नववीवर करायचं. दहावीला कुणी हात लावू देत नाही.

सुरुवात धुराने केली. कॉलेजात असताना न्यायशास्त्राची, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राची, तोंडओळख झाली होती, तेवढ्या शिदोरीवर. अनुमान मांडायच्या पाच पायऱ्या: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तिथे आग आहे. शेकडो वर्षं पंडितांनी हाच डोंगर आणि हीच चूल घोटली. आमच्या गावामागे डोंगर आहे, उन्हाळ्यात त्याला वणवा लागतो, त्यामुळे मला वाटलं उदाहरण एकदम घरचं आहे, मुलांना चटकन पटेल.

"बाई, आमच्यात गॅस हाय. सैपाकघरात धूर कुठनं येणार?"

झालं. शेकडो वर्षांची चूल एका सिलिंडरने विझली. दुसरा उठला: गणपतीच्या मिरवणुकीत यंत्राने धूर सोडतात, तिथे आग कुठे असते? तिसरी म्हणाली, डेंग्यूची धुरळणी. चौथ्याने थंडीतल्या तलावावरची वाफ काढली. वर्गात कल्ला झाला आणि शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले. मी जरा भांबावलेच, पण मग लक्षात आलं की जुन्या लोकांनी ही भांडणंही करून ठेवली आहेत. त्यांच्याकडे गॅसऐवजी तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा होता: आग आहे, धूर नाही. त्याने नियम मोडत नाही, कारण नियम 'आग तिथे धूर' असा नाहीच. मिरवणुकीतल्या धुराने मात्र मोडतो; किंवा मग तो धूर नव्हेच, धुरासारखं दिसणारं काहीतरी आहे असं तरी सिद्ध करायला हवं. दोन तासिका यातच गेल्या. अभ्यासक्रमात एक ओळ पुढे सरकली नाही. पण तो लिंबाच्या पानावाला मुलगा दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "बाई, हिरवं पान पाखरानंबी पडतं." स्वतःच्याच पुराव्यात त्याने भोक पाडलं होतं. आणि ते सांगायला तो आपल्या पायांनी आला होता.

आपल्या भाषेत 'वाद' या शब्दाचे हाल झालेत. 'वाद घालू नकोस' हे घरात रोज ऐकून पोरगं शाळेत येतं, तिथे मी आहेच. न्यायशास्त्रात वाद हा चर्चेचा सगळ्यात वरचा प्रकार, खरं काय ते शोधायला केलेला. जिंकण्यासाठी करतात तो जल्प. आणि स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं फक्त पाडत राहायचं, ती वितंडा. यातला शेवटचा शब्द तेवढा मराठीने नीट जपून ठेवला, यावरून आपली गरज कशाची होती ते दिसतं.

वादविवाद स्पर्धांचीही एक कबुली देऊन टाकते. अकरा वर्षं मी संघ घेऊन गेले. बाजू चिठ्ठीवर ठरते. एका मुलीने सकाळच्या फेरीत मोबाईलला शाप ठरवून टाळ्या घेतल्या आणि दुपारच्या फेरीत त्यालाच वरदान ठरवून ढाल आणली. येताना एसटीत ती ढाल मांडीवर घेऊन मी मिरवत बसले होते. तिला काय वाटतं हे मी तिला त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही. दोन्ही बाजू मांडता येणं वाईट नाही, उलट फार कामाचं आहे. पण आम्ही समोरच्याची बाजू शिकायचो ती फक्त कुठे टोचता येईल ते बघायला.

या ठिकाणी मला बाबासाहेबांची एक गोष्ट सांगावीशी वाटते आणि ती मी दर वर्षी वर्गात सांगते. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या परिषदेत त्यांचं अध्यक्षीय भाषण व्हायचं होतं. मजकूर आयोजकांना झेपला नाही, परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्या पाठोपाठ आपलं उत्तर. मुलांना मी विचारते, ज्याच्याशी भांडण आहे त्याचं म्हणणं आपल्या पैशाने का छापायचं? एका वर्षी एक मुलगा म्हणाला, "म्हंजे वाचणाऱ्यानं म्हणाय नको, की त्येंचं लपवलं." मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं. याला जुना शब्द पूर्वपक्ष. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि असं मांडायचं की त्याने वाचून 'हो, हेच म्हणतोय मी' अशी मान हलवावी. मग आपलं.

बोलायला सोपं. लिहून घ्यायला गेलं की मुलं पूर्वपक्षाला कागदी रावण करतात: 'काही लोक म्हणतात की झाडे तोडावीत, पण ते मूर्ख आहेत.' खऱ्या माणसाचं खरं म्हणणं समोर असल्याशिवाय हे जमत नाही. तो खरा माणूस आमच्याकडे रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला यायचा, एसटी घेऊन.

आमची शाळा पाच-दहाला सुटते. फाटा पाच मिनिटांच्या अंतरावर. वरच्या तीन वाड्यांची तेवीस मुलं गाडीने जातात आणि गाडी पाचला येते. त्यानंतरची थेट पावणेसातला. थंडीत तोवर अंधार होतो. म्हणून ही तेवीस मुलं रोज दहा मिनिटं कमी पाचला दप्तर उचलतात. "बाई, गाडी." शेवटच्या तासिकेला कुणीही असो, गणित असो नाहीतर मराठी, मान हलवून सोडायचं. वर्षानुवर्षं असंच चाललंय. आगाराला अर्ज लिहायचा, हा विषय मुलांनीच काढला.

पहिले कच्चे अर्ज आले ते नेहमीचेच. 'शिक्षण हा उज्ज्वल भविष्याचा पाया आहे.' 'गाडी रोज पाचला निघून जाते व आमचे अतोनात नुकसान होते.' मी फक्त दोन शब्दांभोवती गोल केला: 'रोज' आणि 'अतोनात'. रोज म्हणजे किती दिवस? अतोनात म्हणजे किती?

अतोनातचं गणित लगेच झालं. वीस मिनिटं गुणिले सहा दिवस, दोन तास. मागच्या बाकावरून आवाज आला, शनिवारी सकाळची शाळा असते. मग पाच दिवस. आठवड्याला शंभर मिनिटं, पस्तीस मिनिटांची एक तासिका धरली तर जवळजवळ तीन तासिका. मुलं स्वतःच जरा गप्प झाली. वाड्यांवरची एक मुलगी म्हणाली, तरीच आपल्या सगळ्यांचं भूमितीचं घोडं अडलंय.

'रोज'साठी एकीने वही केली. वाडीचीच मुलगी, बोलायला अगदी कमी. शनिवार-रविवार सोडून सलग बारा शाळेचे दिवस तिने फाट्यावर उभं राहून गाडी आली की वेळ लिहिली. ती वही अजून माझ्याकडे आहे. ४.५७, ५.०२, ५.२०, ५.०४, ५.२५... शाळा सुटेपर्यंत मुलं थांबली असती तर बारापैकी सात दिवस गाडी चुकली असती. पाच दिवस मिळाली असती. म्हणजे 'रोज' खोटं ठरलं. वर्गातली अर्धी मुलं म्हणाली, ते पाच दिवस लिहायचे कशाला? अर्ज कमजोर होतो. खूप वेळ गेला यावर. शेवटी बाबासाहेबांची गोष्ट कुणीतरी काढली, आणि अर्जात 'रोज' खोडून 'बारापैकी सात दिवस' आलं. खोडलेला शब्द वहीत स्पष्ट दिसतो, दोनदा रेघ मारलेली आहे.

त्याच दरम्यान मी व्याकरणाचा एक जुना तक्ता भिंतीवरून उतरवून फळ्याशेजारी टांगला. उभयान्वयी अव्ययं. न्यूनत्वबोधक: पण, परंतु. परिणामबोधक: म्हणून, सबब. कारणबोधक: कारण, का की. संकेतबोधक: जर-तर, जरी-तरी. परीक्षेत प्रकार ओळखायचे म्हणून मुलं हे घोकतात आणि निबंधात सगळीकडे 'आणि' लिहून मोकळी होतात. खरं तर वाद घालायची सगळी हत्यारं त्या तक्त्यावर टांगलेली आहेत. त्यातलं 'जरी-तरी' मला सगळ्यात आवडतं. 'जरी'च्या पुढे समोरच्याचं म्हणणं येतं, 'तरी'च्या पुढे आपलं. दोन अक्षरं आणि दोन अक्षरं, त्यात अख्खा पूर्वपक्ष मावतो. आठवडाभर गृहपाठ हाच दिला: घरी ज्या गोष्टीवरून बोलणी खाता त्यावर एक 'जरी-तरी' वाक्य लिहून आणा. 'जरी आईचे म्हणणे बरोबर आहे की शेळ्या माझ्याशिवाय कुणाचे ऐकत नाहीत, तरी परीक्षेच्या आठवड्यात...' असं एक आलं होतं. पुढचं घरगुती आहे, सांगत नाही.

मग वहीवाली मुलगी कंडक्टरकाकांना भेटली. मी पाठवलं नव्हतं. रोज फाट्यावर उभी असायची, त्यांनीच विचारलं काय लिहितेस म्हणून. त्यांनी सांगितलं ते तिने लिहून आणलं: ही गाडी तालुक्याला वेळेत पोचली तर तिथून पुढे लांब पल्ल्याची गाडी मिळते, दवाखान्यातल्या सिस्टर, बाजार करून परतणाऱ्या बायका, सगळ्या त्या हिशेबाने बसतात, वीस मिनिटं उशीर केला तर त्या स्टँडवर रात्री अडकतात. शिवाय ड्रायव्हरची ड्युटी सकाळपासून चालू असते. हे तिने इतकं नीट, इतक्या सरळ लिहिलं होतं की वर्गात वाचल्यावर एक जण ओरडलाच, "तू कुणाच्या बाजूनं हायस गं?"

ती म्हणाली, "ठरायचंय अजून."

वीस वर्षांत माझ्या वर्गात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मधे एक तासिका हंटर आयोगाची, म्हणजे इंग्रज सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाची झाली. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी आहे. मुलांना मी एवढंच दाखवलं की ते दया मागत नाहीत, हिशेब मागतात: सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो, मग शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांकडेच का जातो? सक्तीच्या शिक्षणाचा कायदा संसदेत झाला २००९ साली. मुलांनी वजाबाकी केली, एकशे सत्तावीस वर्षं. "मंग आपली गाडी कवा बदलायची?" हा प्रश्न यायचाच होता.

आगाराचा अर्ज गेलाच नाही. कारण वहीवाल्या मुलीने आठ-दहा दिवसांनी दुसराच कागद आणून दिला. तो मुख्याध्यापकांच्या नावे होता आणि तिच्यासकट तेवीस जणांच्या सह्या होत्या. मागणी गाडीबद्दल नव्हती. शाळा वीस मिनिटं आधी सुरू करावी आणि वीस मिनिटं आधी सोडावी: परिपाठ दहा-पन्नासऐवजी साडेदहाला, सुट्टी दहा मिनिटं कमी पाचला. आम्ही वाड्यांवरची मुलं दहाच्या गाडीने येऊन तशीही ओट्यावर बसून असतो. शाळा पावणेपाच-पाचच्या मधे सुटली असती, तर वहीतल्या बाराच्या बारा दिवशी आम्ही पाच मिनिटं कमी पाचला फाट्यावर असतो, आणि एकही गाडी चुकली नसती. तासिकाही बुडाली नसती. सिस्टरांचं, बाजारवाल्या बायकांचं काही बिघडत नाही. गावातल्या मुलांना सकाळी घरची कामं असतात हे खरं. त्यासाठी वर्गातल्या अठरा जणांना विचारलं, चौघांना अडचण आहे, त्यांची नावं मागे लिहिली आहेत.

मी तो कागद घरी नेला, लाल पेन घेऊन. सवयीने मुद्दे अपुरे आहेत का ते बघत होते. आणि तिसऱ्या परिच्छेदात हे वाक्य होतं:

'जरी काही शिक्षक दहा-चाळीसच्या गाडीने येत असले व त्यांना हा निर्नय गैरसोयीचा होईल हे आम्हांस मान्य असले, तरी ते संख्येने दोन आहेत व आम्ही तेवीस आहोत.'

दहा-चाळीसच्या गाडीने मी येते. आणि चित्रकलेचे सर.

पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. परिपाठाची जबाबदारी माझ्याकडे आहे; घरून निघायच्या आधी सासूबाईंचा डबा, औषधं; हे सगळं त्या पोरीला कुठे माहीत? मग वाटलं, तेवीस विरुद्ध दोन हा काय मुद्दा झाला? संख्येने कुणी बरोबर ठरतं का? हे मी समासात लिहायलासुद्धा घेतलं. मग थांबले, कारण ते वाक्य संख्येवर उभं नव्हतंच. शंभर मिनिटं आणि बारा दिवस वर येऊन गेले होते. पुन्हा वाचलं. माझी बाजू तिने मला विचारूनही घेतली नव्हती, तरी तिथे होती, 'जरी'च्या पुढे, जिथे असायला हवी तिथे.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, हे तुम्ही शिकवलंत?" आवाजावरून कौतुक आहे की तक्रार ते कळेना. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, संस्थेला विचारावं लागेल, पालकसभेत ठेवावं लागेल, बघू. 'बघू' कुठल्या प्रकारचं अव्यय, ते तक्त्यावर नाही.

कागद अजून त्यांच्या टेबलावर काचेखाली आहे. त्यात मी एकच दुरुस्ती केली, 'निर्नय'मधला न खोडून ण केला. आणि येताना स्टँडवर चौकशी केली. आधीची गाडी साडेनऊला निघते, शाळेच्या फाट्यावर दहा-पाचला.